अकरावीचे वर्ष आणि जिल्ह्याचे कर्तव्य

दहावीचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यातील घराघरांत जे समाधान नांदू लागते, त्या समाधानाच्या छायेत पुढची दोन वर्षे किती असमान रीतीने वापरली जातात, याचा विचार आपल्या शिक्षणविषयक चर्चेत क्वचितच होतो. बारावीला आपण सर्वांनी मिळून एवढे महत्त्व देऊन ठेवले आहे, की तिच्या आधीचे अकरावीचे वर्ष म्हणजे दोन मोठ्या परीक्षांच्या मधला विसावा, अशी समजूत पालकांत, विद्यार्थ्यांत आणि, खेदाने म्हणावे लागते, पुष्कळशा अध्यापकांतही रूढ झाली आहे. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाच्या पातळीवरच उरकते, तिचे गुण पुढे सहसा कोणी विचारीत नाही, आणि ‘आता बारावीत बघू’ एवढ्या एका वाक्यावर एका संपूर्ण वर्षाची बोळवण होते. माझे प्रतिपादन असे आहे, की पदवीच्या प्रवेशाचा खरा निर्णय याच वर्षात होत असतो; आणि ज्यांच्या घरातून यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांच्या बाबतीत तो त्यांच्या नकळत आणि बहुधा त्यांच्या विरुद्ध होत असतो. म्हणून या वर्षाचे नियोजन केवळ कुटुंबाच्या ऐपतीवर न सोडता कनिष्ठ महाविद्यालयांनी आणि जिल्हा प्रशासनाने ते आपले कर्तव्य म्हणून स्वीकारले पाहिजे.

प्रथम अभ्यासक्रमाचाच हिशेब पाहू. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत एकूण ७२० गुण असतात, त्यांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. आणि प्रश्न अकरावी व बारावी या दोन्ही इयत्तांच्या अभ्यासक्रमांवर असल्यामुळे मानवी शरीरक्रिया, वनस्पतींची शरीरक्रिया, भौतिकशास्त्रातील गतिविषयक प्रकरणे, रसायनशास्त्रातील मोल-संकल्पना हे जे बरेचसे अकरावीतच शिकवले जाते, ते ज्याने त्या वर्षी हातावेगळे केले नाही, त्याच्यावर बारावीत दोन वर्षांचा भार एकदम येऊन पडतो. अभियांत्रिकीच्या ‘जेईई’ची गत तीच. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, म्हणजे आपली मुले ज्या परीक्षेला नुसते ‘सीईटी’ म्हणतात तिच्यात, अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के स्थान आहे. वरवर पाहता हे २० टक्के अल्प भासतात, परंतु जेथे गुणांच्या एका टक्क्यात हजारो उमेदवार दाटीवाटीने उभे असतात, तेथे पाचव्या हिश्श्यावर पाणी सोडणे कोणाला परवडणार? तात्पर्य, जे वर्ष आपण हिशेबाबाहेर ठेवतो, ते परीक्षा घेणाऱ्यांनी हिशेबात पक्के धरलेले आहे.

याहून गंभीर गोष्ट विषयांच्या निवडीची आहे. अकरावीला विज्ञान शाखेत नाव घालताना जीवशास्त्र घेऊन गणित सोडणे हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी एका कठीण विषयातून सुटका झाल्यासारखे वाटते. त्या एका खुणेसरशी अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, वास्तुशास्त्र आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौदल व वायुदल या दिशा आपल्याला बंद होत आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. २०२५-२६पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला. मोताळ्याचा किंवा देऊळगाव राजाचा विद्यार्थीही आता संगणकावरून अर्ज करतो. अर्जाची पद्धत एकसारखी झाली ही चांगलीच गोष्ट. परंतु शाखा आणि विषय निवडताना शेजारी बसून दोन शब्द सांगणारे माणूस संगणकाबरोबर आलेले नाही, आणि पुष्कळ ठिकाणी हा निर्णय जवळच्या सेवाकेंद्रातील चालक आणि वर्गातला एखादा मित्र यांच्या सल्ल्याने होतो.

आता कालगणनेकडे वळू, कारण आपल्या जिल्ह्याची विशेष अडचण येथे आहे. जेईई मुख्य परीक्षेचे पहिले सत्र जानेवारीत होते आणि त्याचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरावे लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा बारावी चालू असतानाच डिसेंबरात होऊन जाते. सीईटीचे अर्ज हिवाळ्यात सुटतात. नीट मे महिन्याच्या आरंभी येते. आणि प्रवेशाच्या फेऱ्या जूनपासून पुढे पावसाळाभर चालतात. हेच वेळापत्रक शेतकऱ्याच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहावे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चाललेली असते, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी लागते, घरातील प्रत्येक हात शेतात गुंतलेला असतो आणि माल विकला जाईपर्यंत परीक्षेच्या शुल्कापुरती रोकडही हाती नसते. जून-जुलैमध्ये पेरणी, दुबार पेरणीची धास्ती आणि बियाण्या-खतांची तजवीज. ज्या आठवड्यात पसंतिक्रम भरायचा, मिळालेली जागा स्वीकारायची की पुढील फेरीची वाट पाहायची हे ठरवायचे, नेमक्या त्याच आठवड्यात बाप तिफणीमागे असतो आणि आई निंदणीला गेलेली असते. शहरातील नोकरदार कुटुंब या फेऱ्यांसाठी रजा काढते. कोरडवाहू शेतकऱ्याला ऋतूकडून रजा मिळत नाही. अशा कुटुंबाच्या मुलाने सर्व विचार आधीच्या वर्षी, निवांतपणे करून ठेवणे हा त्याच्यासाठी एकमेव व्यवहार्य मार्ग आहे.

त्यात भूगोलाची भर आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग जिल्ह्यातून जातो, पण तो घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांना आजही रेल्वे नाही, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी कित्येक पिढ्या ऐकत आल्या आहेत. परीक्षेचे केंद्र अकोल्याला किंवा अमरावतीला आले, की घाटावरच्या मुलीला आदल्या दिवशी निघावे लागते, सोबत कोणी द्यावे लागते, आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय पाहावी लागते. ही सोय ज्यांनी आधी योजली, त्यांची मुलगी शांत चित्ताने परीक्षेला बसते. ज्यांना प्रवेशपत्र हाती आल्यावरच केंद्राचे गाव कळते, त्यांची मुलगी कधी बसतच नाही.

परंतु या सर्वांहून अधिक विद्यार्थी जेथे अडखळतात, ती जागा कागदपत्रांची आहे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरेसा होत नाही, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. विद्यार्थी त्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात आणि पालक या नावाने धास्तावतात. त्यासाठी पूर्वजांच्या जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वीचा. म्हणजे आजोबांचे, क्वचित पणजोबांचे नाव ज्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे ती शाळा हुडकायची. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसिलीच्या अभिलेखात कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद शोधायची, जुन्या हक्कनोंदणीची नक्कल मागायची. नोंद मोडीत असेल तर ती वाचणारा जाणकार गाठायचा. नावात, आडनावात फरक असेल तर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करायचे. ज्यांचे पूर्वज ऊसतोडीसाठी किंवा जनावरांमागे गावोगाव फिरत राहिले, त्यांच्या बाबतीत हा शोध दोन-तीन जिल्ह्यांत पसरतो. हे काम आठ दिवसांत होत नाही, आणि बारावीचा निकाल लागल्यावर ते करू पाहणाऱ्याला हाती वेळच नसतो. वैधता प्रमाणपत्र सादर करण्यास शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिली आहे, हे खरे. परंतु मुदतवाढ ही सवलत असते, तिच्या भरवशावर आयुष्याची उभारणी करता येत नाही.

येथे एक विवेक मात्र राखला पाहिजे. सर्वच कागद अकरावीत काढून ठेवण्याजोगे नसतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला हे एकदा मिळाले की टिकतात, म्हणून त्यांची खटपट अकरावीतच व्हावी. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र यांना मुदत असते. ते प्रवेशाच्या वर्षाचा हिशेब धरूनच काढावे लागतात. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या वेगळ्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातील लागते. राज्याच्या नमुन्यातील कागद घेऊन गेलेला विद्यार्थी पात्र असूनही खुल्या गटात ढकलला जातो. नॉन-क्रीमीलेयरसाठी ८ लाखांची मर्यादा पाहताना वेतनाचे आणि शेतीचे उत्पन्न त्यात मिळवायचे नसते, ही साधी बाब ठाऊक नसल्यामुळे पात्र कुटुंबेही अर्जच करीत नाहीत. आणि सर्वांत क्षुल्लक भासणारी, तरी सर्वांत अधिक घोटाळा करणारी गोष्ट नावाची: दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकात तीन तऱ्हेने लिहिलेले एकच नाव. या दुरुस्तीला महिने लागतात, आणि अकरावीत असे मोकळे महिने असतात.

आपल्या वऱ्हाडच्या इतिहासाकडे पाहिले तर असे दिसते, की प्रत्येक काळात शिक्षणाच्या दारात एक उंबरठा राहिला आहे आणि प्रत्येक काळात कोणीतरी तो ओलांडण्याची सोय करून दिली आहे. अमरावतीला १९२३ साली किंग एडवर्ड महाविद्यालय निघण्यापूर्वी बुलढाण्याच्या मुलाला पदवीसाठी नागपूरचा किंवा पुण्याचा रस्ता धरावा लागे; दूर शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसणे हाच त्या काळचा उंबरठा होता. पापळच्या शेतकरी घरात १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतले, तेव्हा कुणब्याच्या आणि दलिताच्या मुलाला नुसती शाळा देऊन भागत नाही, त्याला निवाराही द्यावा लागतो, हे ओळखून त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार वऱ्हाडभर केला. आज संस्थांचा दुष्काळ पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. शेजारी अकोल्याला १९६९पासून कृषी विद्यापीठ आहे. आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचेही नाव होते. परंतु महाविद्यालय जिल्ह्यात आले म्हणून जागा जिल्ह्याच्या मुलांना मिळते असे नाही. वैद्यकीयच्या शासकीय जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय आणि ८५ टक्के संपूर्ण राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात. आपल्या गावातील इमारतीत परगावची मुले शिकताना पाहणे, आणि आपली मुले मात्र ‘फॉर्मच भरला नाही’ म्हणून बाहेर राहणे, हा आजच्या काळातला उंबरठा आहे. तो माहितीचा, मुदतीचा आणि कागदाचा आहे.

हा उंबरठा ओलांडता येतो, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणार तालुक्यातील पिंपरी खंदारे या गावच्या शेतकरी कुटुंबातील राजू केंद्रे यांनी पदवी मुक्त विद्यापीठातून घेतली, टाटा समाजविज्ञान संस्थेत पुढचे शिक्षण केले आणि २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या सोआस या संस्थेत गेले. त्यांचा वैयक्तिक उत्कर्ष अभिनंदनीय आहेच, पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांनी उभे केलेले काम. २०१७ साली सुरू झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातील नामवंत विद्यापीठांची नावे सांगण्यापासून प्रवेश परीक्षेची तयारी, अर्ज आणि मुलाखत येथपर्यंत हात दिला. ज्या मुलांना कालपर्यंत अशा संस्था अस्तित्वात आहेत हेच ठाऊक नव्हते, ती मुले वेळेवर सांगणारे कोणी भेटल्याबरोबर तेथे पोहोचू शकली. यावरून त्यांच्यात बुद्धीची उणीव कधीच नव्हती, हे निर्विवाद सिद्ध होते.

असे वेळेवर सांगणारे माणूस शाळेतच असू शकते. अमेरिकेतील शाळांत समुपदेशक नेमलेला असतो आणि तेथील विद्यार्थी अकरावीतच महाविद्यालयांची यादी करू लागतो, प्रवेश परीक्षेला एकदा बसून पाहतो आणि शिफारसपत्रासाठी आपल्या शिक्षकांशी बोलून ठेवतो. ती पद्धत जशीच्या तशी येथे आणावी असे मी म्हणत नाही. तिच्यातही पैशाचे आणि प्रतिष्ठेचे दोष पुष्कळ आहेत. पण विद्यार्थ्याच्या पुढील वाटचालीचा विचार करणे हे शाळेच्या वेतनपटावरील एखाद्या माणसाचे नेमून दिलेले काम असावे, हे तत्त्व स्वीकारण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. सोळाव्या वर्षीच मुलांना प्रवेशाच्या चिंतेला जुंपावयाचे काय? वाचन, खेळ, मैत्री, भटकंती यांचे हे वय आहे. आधीच लातूर, अकोला, कोटा येथील शिकवणीवर्गांनी ते गिळंकृत केले असताना त्यात आणखी भर कशाला? माझे उत्तर असे, की नियोजन आणि घोकंपट्टी या परस्परविरोधी गोष्टी आहेत. ज्याचे नियोजन नसते तोच भयभीत होऊन शेवटच्या क्षणी लाखभर रुपयांच्या शिकवणीकडे धावतो, त्यासाठी एखादे एकर गहाण पडते, आणि हजेरी केवळ कागदोपत्री मांडणाऱ्या महाविद्यालयात नाव घालून मुलगा दुसऱ्या शहरातील खोलीत एकाकी पडतो. ज्याला आपली आवड, आपली मर्यादा आणि आपल्या मुदती आधीच ठाऊक आहेत, त्याला रोज तासभर नियमाने अभ्यास करून उरलेला वेळ निश्चिंतपणे मैदानावर घालवता येतो.

शिवाय नियोजनाचा अर्थ प्रत्येकाला डॉक्टर किंवा अभियंता करणे असा घेतला, तर ते नियोजनच फसले म्हणायचे. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाली असून कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तीतून दिल्ली-हैदराबादपर्यंत जाता येते. राज्यात बीबीए, बीसीए यांसारख्या अभ्यासक्रमांना २०२४पासून प्रवेश परीक्षा लागू झाली आणि त्याच वर्षी ती दुसऱ्यांदाही घ्यावी लागली. नियम बदलला तो वेळेवर कळणे किती आवश्यक आहे, याचा हा ताजा दाखला. संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२पासून मुलींनाही खुले झाले आहे, आणि त्या परीक्षेचा अर्ज बारावीत शिकत असतानाच करता येतो. सिंदखेड राजाच्या किती मुलींना हे अकरावीत सांगितले जाते, याचा विचार तेथील शाळांनी करावा. ८ जुलै २०२४च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. ‘केंद्रीभूत प्रक्रियेतून’ या अटीकडे दुर्लक्ष करून परस्पर प्रवेश घेतला, तर हा लाभ हातचा जातो. वसतिगृहाच्या निर्वाह भत्त्यालाही डॉ. पंजाबरावांचेच नाव आहे, आणि त्यासाठीही वेळेवर अर्जच करावा लागतो.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आणि सहज अंमलात आणण्याजोग्या आहेत. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने एका अध्यापकाकडे प्रवेश-मार्गदर्शनाचे काम लेखी आदेशाने सोपवावे आणि त्याच्या तासिकांत तेवढी सूट द्यावी. अकरावीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याशी व पालकाशी एकदा बोलणे व्हावे, आणि ते पालकांच्या सोयीने, सोंगणीच्या हंगामाआधी, शक्य तर गावात जाऊन व्हावे. दिवाळीपर्यंत प्रत्येकाच्या कागदपत्रांची तपासणी होऊन कोणता कागद आहे, कोणता नाही आणि कोणत्या नावात चूक आहे, याची नोंद विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. जानेवारीपासून तहसीलदारांनी कनिष्ठ महाविद्यालयांतच दाखल्यांची शिबिरे भरवावीत, आणि जुन्या नोंदींच्या नकला मागणाऱ्या अकरावीच्या विद्यार्थ्याचा अर्ज अभिलेख कक्षात अग्रक्रमाने निकाली काढावा. उन्हाळ्याच्या सुटीत पुढील वर्षाच्या सर्व परीक्षांचे मराठीतील वेळापत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. आणि ज्या गावातून एखादा मुलगा किंवा मुलगी बाहेर शिकायला गेली आहे, तिने सुटीत गावी आल्यावर आपल्या शाळेत एक तास द्यावा. त्या एका तासाने जे साधेल, ते कोणत्याही माहितीपत्रकाने साधणार नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, की मोठा निधी लागत नाही. अध्यापक, तहसील, ग्रामपंचायत आणि शिकून पुढे गेलेली मुले हे सर्व जिल्ह्यात हजरच आहेत, उणीव आहे ती त्यांना एका वेळापत्रकात बांधणाऱ्या आदेशाची. जिल्हाधिकारी आणि जिल्ह्यातील शिक्षणाधिकारी यांनी असा संयुक्त आदेश येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच काढावा, आणि प्रत्येक संस्थेने वर्षअखेरीस आपल्या अकरावीच्या किती विद्यार्थ्यांची कागदपत्रे पूर्ण झाली याचा अहवाल जाहीर करावा. आज आपण एखाद्या महाविद्यालयाची प्रतिष्ठा बारावीच्या निकालावरून ठरवतो; त्याने आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला निकालापूर्वी प्रवेशाला पात्र करून ठेवले काय, ही कसोटीही पालकांनी यापुढे लावावी, आणि ती लावण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे हे ओळखून लावावी.